तिनं मले कुठं पाह्यलं?

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
अड्याळच्या बाजारात म्युझियमची गाडी उभी! डोळ्यांवर काळा डबा बांधतात, की शहरातलं अख्खं म्युझियम आपल्याभोवती. फुकट आहे ना, दोनदा विचारलं. मग चढले. आधी चप्पल काढली. माझं पाहून मागच्या सगळ्या बायांनी काढली — गाडीखाली चपलांचा ढीग!

गाडीवरची पोरगी, कामिनी, हसली. "काकू, चप्पल चालते इथं. नुसते फोटो तं आहेत मूर्तींचे."

"घरी देवाच्या फोटोपुढं चप्पल घालून उभी राहतेस का वं?"

हसत हसतच माझ्या डोळ्यांवर डबा बांधला.

आणि आत काय दिसावं — आमच्या गावच्या तलावातली देवी! डावा हात तुटलेला, खांद्यावर पोपट. सासूबाई सांगतात तश्शी. कामिनीनं पाटी वाचली, गावाचं नावही आमचंच!

मंगळवार, ११
बासष्ट वर्षांपूर्वी सासूबाई नव्या नवरी. तलावातला गाळ काढताना ही देवी निघाली. तोंडावरचा चिखल यांनीच पदरानं पुसला. आठ दिवसांत सरकारी जीप आली, देवी गेली. तेव्हा सासूबाईंनी तलावातला शिंगाडा खायचा सोडला — देवीची भेट होईपर्यंत. दर कार्तिकात घरोघरी शिंगाडे उकडतात, या पाठ फिरवून बसतात. तरुणपणी शहरात कोणी नेलं नाही, आता ऐंशी वय. गुडघे गेले, शहरापर्यंतचा प्रवास होत नाही. "मेल्यावर पिंडावर ठेवजा शिंगाडा," म्हणतात आणि हसतात. मला नाही हसू येत.

गाडी उद्यापर्यंतच आहे. अर्धा किलो शिंगाडे उकडून ठेवले.

बुधवार, १२
गावातल्या ईश्वरच्या ऑटोत सासूबाईंना नेलं. डोळ्यांवरचा डबा पदरावरूनच बांधला. डोकं वळवून वळवून देवीची पाठसुद्धा पाहिली — कामिनी म्हणे, म्युझियममध्येही पाठ दिसत नव्हती, मागं भिंत होती. मग कमरेची पुडी सोडली आणि देवीला कुंकू लावलं. ते लागलं कामिनीच्या नाकाला!

घरी येऊन शिंगाडा सोलून पुढं केला.

"नाही."

"काहून बाई? झालं ना दर्शन!"

"म्या तं पाह्यलं तिले. तिनं मले कुठं पाह्यलं?"

आता याला काय बोलावं! चिडले. शिंगाडे उचलले आणि शेजारच्या उषाबाईंकडे देऊन आले. भांडी घासता घासता वाटलं — म्हातारी चुकीचं बोलली का? देवळात आपण नुसतं पाहायला थोडंच जातो. तोंड दाखवायलाही जातोच की.

गुरुवार, १३
कामिनीला फोन. चारदा. म्हटलं, देवीलाही सासूबाई दिसतील असं काही कर. "विचारून पाहते काकू."

मंगळवार, १८
विचारलं पोरीनं! म्युझियममध्ये आता टीव्हीसारखे मोठे पडदे लागलेत, त्यावर मूर्ती फिरवून पाहायच्या. खरी देवी मागच्या खोलीत, कापडाखाली. साहेब हो म्हणाले. "काकू, व्हिडिओ कॉल लावते. फोन देवीच्या तोंडापुढं धरते. आजी तिला दिसतील, ती आजींना."

सासूबाई नऊवारी नेसून, नथ घालून, मोबाईलसमोर. फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवला. तिकडं कापड सरकलं.

"वळखलं का वं माय मले? तुह्या तोंडावरचा चिखल म्या पुसला होता."

पुढचं पुटपुटल्या. ते त्या दोघींचं. मला ऐकावंसं वाटलं नाही.

शेवटी कामिनीचा बारीक आवाज आला — "काकू, मी चप्पल काढलीय बरं का."

ताजे शिंगाडे होतेच. सोलून दिला. खाल्ला! आणि तोंड वाकडं. "पाणचट लागते. लहानपणापासून नाही आवडत मले."

बासष्ट वर्षं! नावडतं सोडून बसली होती म्हातारी! पोट धरून हसलो दोघीही.

बुधवार, १९
सकाळचा चहा सासूबाईंनी परत केला. दिवसाला सहा कप पिणारी बाई! "अंधारात एकटी उभी आहे वं ते. देवी तलावावर परत येईल तवाच पिईन."

कामिनीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या साहेबांचा नंबर दे.