वर्तुळाचा वेग

दादा,

तुमचे भूमितीचे प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालले, हे सांगायला बसले आहे आणि सांगावंसं वाटत नाही. बदनापूरला तुमच्या शाळेत आता वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तुमचे प्रोग्रॅम ठिपका, रेघ, रंग ज्या जुन्या ग्राफिक्स लायब्ररीकडून काढून घ्यायचे, ती तिथं चालत नाही. जुन्या सिस्टिमचं सोंग उभं करूनही काम भागलं असतं, पण मला ते उसनं नको होतं. म्हणून नोकरी सांभाळून, रविवार घालवून, मी त्या लायब्ररीतली एकेक आज्ञा नव्या सिस्टिमसाठी पुन्हा लिहिली. ऑफिसातले हसले. हसू देत. तुमच्या एकाही ओळीला मी हात लावला नाही.

नव्वद सालच्या आसपासची ती खोली. एकुलत्या एक कॉम्प्युटरपाशी तुम्ही उभे आहात, मागे आमचा सातवीचा अख्खा वर्ग दाटीवाटीनं. वर्तुळ ठिपक्याठिपक्यानं उमटलंय आणि आता बाजूनं एक रेघ निघाली आहे. तुम्ही विचारता, "सांगा बरं, टेकंल का चुकंल?" कोणी टेकंल म्हणतं, कोणी न्हाई. मी, मास्तरांची म्हणजे तुमचीच पोर, कंटाळून एंटर दाबायला जाते तर हातावर चापट बसते. "जल्दी कशाची? निघून राह्यली ना ती, बघ तिच्याकडं." रेघ टेकते, वर्ग ओरडतो. मी फुगून बसलेली असते.

मागच्या आठवड्यात शाळेत जाऊन तोच प्रोग्रॅम मुलांपुढे लावला. वर्तुळ, रेघ, टेकलेलं टोक, सगळं पापणी लवायच्या आत. मी तोंड उघडेपर्यंत उत्तर पडद्यावर होतं. एक मुलगी म्हणाली, "झालं पण, मॅडम? मंग पुढचं दाखवा." विचारायला काही उरलंच नव्हतं. तुमचा धडा त्या रडतखडत चालणाऱ्या मशीनवर उभा होता दादा, आणि इतक्या वर्षांनी मला ते कळलं. घरी येऊन रडले.

प्रत्येक ठिपक्यानंतर प्रोग्रॅमला थोडं थांबवणं सोपं आहे. पण किती? ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, आणि सांगायला आता तुम्हीही नाही. आईला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "डबा घिऊन आल्ते तवा पाह्यलं व्हतं म्या. यांचं बोलणं होईस्तोर बराबर निघायची बघ ती रेघ."

तेव्हापासून मी पडद्यासमोर बसून तुमची वाक्यं मोठ्यानं म्हणते आणि आकडे बदलत राहते. कधी फार घाई वाटते, कधी फार रेंगाळल्यासारखं. एकही आकडा तुमचा वाटत नाही, आणि वाटेल अशी आशाही आता उरलेली नाही. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथंच सांगते. वाक्यं सगळी पाठ आहेत, पण तुमचा आवाज मला आठवत नाही. आईला हे कळू दिलेलं नाही.