मुलींचं टेबल

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कारण ऐकलंस तर राग जाईल. ठोकळ्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं घासल्यावर तुझ्या या भावाला पहिल्यांदाच एक अख्खा संच एकट्याने करायला मिळाला आहे. नाव 'माझं गोड घर'. खास मुलींसाठी. आजवर आमच्या खोक्यांवर पूल, क्रेन, आगीचा बंब आणि ते बांधणारी मुलंच असायची. मुलींसाठी काहीच नाही अशी ओरड झाली, ती साहेबांनी मनावर घेतली. म्हणून आता गुलाबी भिंती, खिडकीत कुंड्या आणि अंबाडा घातलेली एक बाई.

मी काही अंदाजपंचे केलेलं नाही. रीतसर चाचणी घेतली. कारखान्यातल्यांचीच सात ते नऊ वर्षांची मुलं बोलावली, एक टेबल मुलांचं, एक मुलींचं. मुलांच्या टेबलावर सुटे ठोकळे ओतले. मुलींच्या टेबलावरचं घर मी आदल्या दिवशीच बांधून ठेवलं होतं, कारण साहेब बघायला येणार होते आणि नुसता ढीग बरा दिसला नसता. तासभर मी फळीवर कागद लावून पेन्सिलीने उभ्याने नोंदी केल्या. निकाल इतका स्पष्ट की मीच चाट पडलो. मुलांनी बारा वस्तू बांधल्या, मुलींनी एकही नाही. अहवालात लिहिलं, 'मुलींना जोडणीत रस नाही.' साहेबांनी त्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली.

एक गालबोट तेवढं लागलं, तेही आमच्या मुंगीकडून. तिला आताच सात पूर्ण झाली, म्हणून तिलाही बसवली होती. तर पोरीने सगळ्यांदेखत घराचं छप्पर उपटलं आणि भिंती सोडवायला घेतल्या. मला जाऊन हात धरावा लागला. बापाच्याच चाचणीत लेकीची तोडफोड, तोंड कुठे लपवायचं? नाव न घालता 'तोडफोडीची एक घटना' एवढंच लिहिलं. पण त्या दिवसापासून ती शहाणी झाली बघ. घरभर ठोकळे असायचे, आता खोकं पलंगाखाली आणि ती चित्रं रंगवत बसलेली. जमीन कशी चकचकीत दिसते.

वीस एप्रिलला साच्याचं काम सुरू होईल. साचा एकदा पोलादात कोरला की दहा वर्षं तोच चालतो. शिवाय विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे, आणि साहेब हल्ली माझ्याकडे बघून हसतात. वारा असताना क्रेनवर चढू नकोस, असं मी सांगणार आणि तू ऐकणार नाहीस.

लोभ आहेच, तो तुझ्या क्रेनइतका उंच व्हावा.

तुझा,
ठोकळ्या

---

११ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं. काँक्रीटची गाडी यायची होती, वेळ होता. वाचताना मी इतकी हसले की खालच्या इशारेवाल्याला वाटलं मी काही खुणावते आहे. त्या बिचाऱ्याने दोन्ही हात वर करून सगळं काम थांबवलं. साइटचा पाव तास तुझ्या शास्त्राच्या नावावर गेला.

मला एक सांग बाळा. मुलींना तू बांधून झालेलं घर दिलंस. त्यांनी आणखी बांधायचं काय होतं? माणसाला रिकाम्या ताटावर बसवायचं आणि हा जेवतच नाही असं वहीत लिहायचं, त्यातली ही गत. त्या टेबलावर एकाच मुलीला करण्याजोगं काम सापडलं, आणि त्याचं नाव तू तोडफोड ठेवलंस.

नोंदींची एवढी हौस आहे तर माझ्याकडचीही एक घे. तू चौथीत होतास. तुला वाढदिवसाला नट-बोल्टांचा संच मिळाला, आणि सहावीतल्या मला आरसा नि कंगवा. तुझा पूल तीनदा कोसळला. दुपारी तू झोपल्यावर मी तो उभा केला. शाळेच्या प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला. कप तू घेतलास आणि टाळ्या मी वाजवल्या. त्या कपात तू अजून पेनं ठेवतोस. तेव्हा कुणी चाचणी घेतली असती तर तुझ्यासारखाच निकाल लागला असता.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवा साहेब आला. मी शिडी उतरून हेल्मेट काढलं, तर मला म्हणाला, बाई, जरा क्रेनवाल्याला बोलवा आणि जमलं तर चहाचं बघा. मी सांगितलं, क्रेनवाला एकोणीस वर्षं मीच आहे आणि माझा चहा झाला आहे. तोही लहानपणी तुमच्याच ठोकळ्यांशी खेळला असणार.

तुझ्या त्या अंबाडेवालीच्या डोक्यावर हेल्मेट बसतं का? आणि मुंगीला विचार, छप्पर काढून ती काय करणार होती. जमीन चकचकीत दिसते हे वाचून मला काही आनंद झाला नाही.

मुंगीच्या आईला आशीर्वाद. चिडलास तरी लिही, अबोला धरू नकोस.

तुझी,
ताई

---

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिडलो आहे, आणि तरी लिहितो आहे. तुला सगळं हसण्यावारी न्यायची सवयच आहे.

हेल्मेट बसत नाही. अंबाडा डोक्याशी एकजीव आहे. पण घरातल्या घरात तिला हेल्मेट लागतं कशाला? तिच्या हातात कपबशी आहे, तीही एकजीव, म्हणजे हरवायची भीती नाही. ही कल्पना साहेबांना फारच आवडली. आणि पुलाचं म्हणशील तर माझ्या आठवणीप्रमाणे रंग मी दिला होता.

मुंगीला विचारलं. काही नाही म्हणाली आणि आभाळ रंगवायला लागली. तिच्या आईचंही तुझ्यासारखंच म्हणणं आहे, पण ती दिवसभर लोकांचे दात काढते, तिला सगळीकडे कीडच दिसते.

तुझं म्हणणं मला अगदीच कळत नाही असं नाही. पण टेबलं मी मांडली, अहवाल मी लिहिला, सही माझी. आता कोणत्या तोंडाने सांगू की मांडतानाच चुकलं? खुर्ची तर जाईलच, वर कारखाना वर्षभर हसेल. तेव्हा हा विषय इथेच मिटव.

रागातही लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुझा,
ठोकळ्या

---

२६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

आईने पाकिटावर पत्ता घालून दिला. पत्र मी एकटीने लिहिलं आहे. बाबांना माहीत नाही.

तू आईला फोनवर विचारलंस ना की मी छप्पर का काढलं. मला लांब पट्ट्या हव्या होत्या. त्या फक्त छपरात होत्या. मला तुझी क्रेन करायची होती. मुलांच्या टेबलावर खूप लांब पट्ट्या होत्या, पण तिथे जायचं नाही असं सांगितलं होतं. मग बाबांनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे मुलींचं टेबल आहे, इथे तोडायचं नाही. सगळे बघत होते. एका मुलाने त्याचा मनोरा तोडून ट्रक केला, तर त्याला बाबा शाबास म्हणाले.

आता मी ठोकळे खेळत नाही. मी रंगवते. मला रंगवायला आवडत नाही, पण त्यात काही तोडावं लागत नाही.

तुमच्या साइटवर कुणी काही तोडलं तर त्याचा हात धरतात का? उत्तर लवकर पाठव.

तुझी,
मुंगी

---

२ एप्रिल

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

सोबत मुंगीचं पत्र पाठवते आहे. तुला दाखवू का, असं तिला फोनवर विचारलं. दाखव, म्हणाली. बैस आणि वाच. मग पुन्हा वाच.

आज मला हसू येत नाही. तुझ्या साहेबांचं घर गुलाबी असो की जांभळं, माझं काही अडत नाही. पण सात वर्षांची पोर आवडत नसलेलं काम मुकाट्याने करायला शिकली आणि तू त्याला शहाणपण म्हणालास, याचं मला फार वाईट वाटलं. मी ते शहाणपण शिकले होते रे. क्रेनवर चढेपर्यंत माझी अकरा वर्षं त्यात गेली.

लोक हसतील म्हणतोस. हसू देत. वीस तारखेनंतर पोलाद हसेल, आणि ते दहा वर्षं हसत राहील. अजून दोन आठवडे आहेत. चाचणी पुन्हा घे, फक्त टेबलांची अदलाबदल कर. मुलींना ढीग दे, मुलांना तुझं गोड घर. बाकी सगळं तस्संच, तुझी फळी आणि पेन्सिलसुद्धा.

मुंगीला सांग, आत्याच्या साइटवर नवीन बांधायच्या आधी जुनं पाडतात. पाडणाऱ्याचा कुणी हात धरत नाही. त्याला महिन्याला पगार देतात आणि दुपारी जेवायची सुट्टीही.

तुझ्यावर माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.

ताई

---

१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुंगीचं पत्र दोनदा नाही, किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

चाचणी पुन्हा घेतली. मुंगीला बोलावलं होतं, ती आली नाही. मुलींनी तासाभरात अकरा वस्तू बांधल्या आणि लांब पट्ट्यांवरून दोन भांडणं केली. मुलांच्या टेबलावर मात्र सामसूम. एकाने अंबाडेवालीला पलंगावर निजवून रुमाल पांघरला आणि सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. दुसरा कुंड्या एका रांगेत लावत राहिला. तिसऱ्याने मला विचारलं, काका, घरी कधी जायचं? बांधलेल्या वस्तू शून्य. मी जुनाच अहवाल शब्दही न बदलता पुन्हा लिहिला, फक्त मुलींच्या जागी मुलं घातली, आणि बैठकीत वाचून दाखवला. 'मुलांना जोडणीत रस नाही.'

ताई, तू तिथे हवी होतीस. साहेबांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, पोरं दमलेली असतील. मग म्हणाले, उकाडा होता. शेवटी म्हणाले की एका टेबलावरून सगळ्या मुलग्यांबद्दल असं काही ठरवणं शास्त्राला धरून नाही. मी म्हटलं, अगदी हेच सांगायला उभा आहे. आणि पहिलं घर कुणी, कधी, कशासाठी बांधून ठेवलं होतं ते सांगून टाकलं. सगळे हसले, पण मला वाटलं होतं त्याच्या निम्मंच.

तर साचा थांबला. आता अंबाडा वेगळा निघेल, हेल्मेट बसेल, हात मोकळे राहतील आणि घराचे भाग सुटे मिळतील. फार हुरळून जाऊ नकोस. हेल्मेट गुलाबी आहे आणि त्यावर फूल आहे. ज्याने फूल सुचवलं तो आता विभागप्रमुख झाला.

घरी मुंगीजवळ बसून मी चुकलो म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि हिरवी पेन्सिल मागितली. खोकं अजून पलंगाखालीच आहे. तिची आई म्हणाली, हात चारचौघांत धरलास आणि चूक कोपऱ्यात कबूल करतोस. दात काढणारी बाई, बरोबर मुळाशी जाते. सोमवारी मुंगीला कारखान्यात घेऊन जाणार आहे.

कप वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. पेनं काढून घेतली आहेत. रंग मात्र खरंच मी दिला होता.

लोभाला मी किती पात्र आहे ते तूच ठरव.

तुझा,
ठोकळ्या

---

२५ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

सोमवारी बाबा मला कारखान्यात घेऊन गेले. जेवायची सुट्टी होती, सगळे तिथेच डबे खात होते. बाबांनी तेच घर त्याच टेबलावर ठेवलं. मग ते मोठ्याने म्हणाले की मागच्या वेळी माझी मुलगी इथे क्रेन बांधत होती आणि मी तिला थांबवलं, ते माझं चुकलं. एका काकांचा घास हातातच राहिला.

मग आम्ही क्रेन केली. ती माझ्या खांद्याएवढी झाली. अंबाडेवाली बाई जुनीच आहे, म्हणून तिच्या डोक्यावर हेल्मेट बसत नाही. मी तिला खाली उभं केलं. तिच्या हातात कपबशी आहे, म्हणून ती म्हणजे तुझ्याकडे चहा मागणारा तो नवा साहेब आहे आणि वर तू आहेस. तू म्हणजे एक निळा ठोकळा आहेस. घरी आल्यावर मी खोकं बाहेर काढलं.

बाबांची फळी आणि पेन्सिल मी मागून घेतली होती. बाबांचा अहवाल मी लिहिला, तो तुला पाठवते.

वय एकोणचाळीस. सूचना नीट ऐकत नाहीत. लांब पट्टी उलटी लावतात आणि बरोबर आहे म्हणतात. जोडणीत रस आहे. तोडफोडीची एक घटना, सगळ्यांसमोर घराचं छप्पर या वेळी त्यांनीच उपटलं. मी त्यांचा हात धरला नाही.

तुझी,
मुंगी