कुवेतला गेलेला एरॉल

पुरुष वॉर्ड, दुसरा मजला
३ ऑगस्ट २०२४

ति. लिलीताईस,
एरॉलचा सा. न. वि. वि.

इथे मोबाइल काढून घेतात. रविवारी पाच मिनिटं फोन मिळतो, पण रांगेत माझ्यापुढे आत्माराम सर असतात. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, पाच मिनिटांची बारा करतात. म्हणून पत्र. पोस्टाची पाकिटं अजून मिळतात हे इथे येऊन कळलं.

मी बरा आहे. वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून तुझ्या डोळ्यांसमोर जे आलं असेल, त्यातलं इथे काही नाही. साखळदंड नाहीत. झाडावर चढून बसलेला एकही माणूस अजून दिसला नाही. सगळ्यात हिंसक प्रकार म्हणजे कॅरम. आत्माराम सरांना आवाज ऐकू येतात आणि ते आवाज पाढे चुकीचे म्हणतात, याचाच त्यांना जास्त संताप. औषधाने आवाज खाली आलेत. सर म्हणतात, आता निदान वर्ग जागेवर बसलाय.

माझ्या आजाराचं नाव बायपोलर. मे महिन्यात भर दुपारी ब्रासबँड बोलावून मी आपल्या विहिरीची वरात काढली, ते एक टोक. मग वीस दिवस तोंडावर चादर घेऊन पडून राहिलो, ते दुसरं. मला वाटायचं, पहिला एरॉल हुशार आणि दुसरा आळशी. डॉ. विनया म्हणाल्या, दोघंही आजारीच होते.

दोन वर्षं नीट गेल्यावर पुन्हा का उलटलं, असं त्यांनी विचारलं. खरं ते सांगून टाकलं. मुलगा बरा झाला, आता गोळ्यांची सवय लागेल, म्हणून आईने माझ्या गोळ्या परसातल्या केळीच्या बुडाशी पुरल्या आणि मीही सुटलो म्हणून गप्प बसलो. त्या केळीला यंदा केळ्यांचा केवढा लोंगर लागलाय बघ. घरात तिचाच मूड स्थिर आहे. डॉक्टर हसल्या, पण नंतर बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

गावात, गिरीजला, माझ्याबद्दल काय सांगितलंय ते कळव. भाऊजींना नमस्कार. तुझ्या लोभात सध्या काटकसर नको.

तुझा,
एरॉल

*

विरार (प.)
११ ऑगस्ट २०२४

चि. एरॉलला अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

तू कुवेतला आहेस.

हसू नकोस. आईचा हिशेब साफ आहे. टायफॉइड सांगितला तर लोक मोसंबी घेऊन बघायला येतील, कुवेत सांगितलं तर कोण येणार? बाजारात डॉमनिककाका भेटला, त्याला तिने ठोकून दिलं की तुला तिकडे मोठ्या गोदामात काम लागलंय, आणि घरी आल्यावर मला फोनवर तुझा हुद्दा कळवला. आता ती रोज टीव्हीवर तिकडचं हवामान बघते, कोणी विचारलं तर असावं म्हणून. परवा पन्नास डिग्री ऐकून बिचारीने खरोखर सुस्कारा सोडला. तू उन्हात टोपी घालत नाहीस म्हणे.

लोक येणार नाहीत हा अंदाज मात्र फसला. तुझ्याकडे कीबोर्ड शिकणाऱ्या पोरांची आई कॅरल येते, क्लास पुन्हा कधी सुरू होणार विचारते आणि जाताना अत्तराची फर्माईश करते. डॉमनिककाका तर रोज दारात. त्याच्या अल्पेशला तू तिकडे फोर्कलिफ्टवर चिकटवणार आहेस. नाही म्हणायला आईची जीभ रेटली नाही. तिने बघू म्हटलं, काकाने ते हो असं ऐकलं, आणि अल्पेशने पारनाक्यावरच्या बेकरीतली नोकरी सोडली.

मी तिला म्हटलं, आता पुरे कर. ती म्हणाली, कुवेतहून आलेल्या मुलाला लोक सलाम करतात, वेड्यांच्या हॉस्पिटलातून आलेल्याला मुलगीसुद्धा दाखवत नाहीत. तू डिसेंबरात नाताळला यावंस, तोवर डॉक्टरांनी ठेवून घ्यावं, असा तिचा बेत आहे. येताना हातात मोठी बॅग हवी. बॅग मी विरारहून आणून द्यायची.

मी हसत लिहितेय खरी, पण तिची मला भीती वाटते. ती रात्री तुझ्या खोलीतला दिवा लावून ठेवते. माया करते आणि तुला घरात घ्यायला घाबरते, दोन्ही एकदम. गोळ्या वेळेवर घे आणि माझ्यावर जीव असू दे.

तुझी,
लिलीताई

*

पुरुष वॉर्ड
२४ ऑगस्ट २०२४

ति. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र थेट तुला. लिलीताईकडून नको.

१२ सप्टेंबरला, गुरुवारी, मला सोडणार आहेत. तू इथल्या ऑफिसात फोन करून मला डिसेंबरपर्यंत ठेवून घ्यायला सांगितलंस, हे मला कळलं. आई, हे लॉज नाही.

डॉ. विनया म्हणतात, त्या दिवशी तू यावंस. लिलीताई नाही, तू, कारण मी तुझ्याबरोबर राहतो. तुला त्या गोळ्यांबद्दल सांगतील, रक्त कधी तपासायचं ते सांगतील. गोळ्या सवयीच्या नाहीत, गरजेच्या आहेत, आणि बरं वाटतं ते त्यांच्यामुळेच. तू आली नाहीस तर पुण्याच्या बाजूला एका संस्थेत सहा महिने राहा, असं त्यांनी सुचवलंय. जागा चांगली आहे, बाग आहे. मी हो म्हणेन, कारण गोळ्या पुन्हा केळीच्याच पोटात जाणार असतील तर घरी येऊन मी पुन्हा बुडणार. पण मला बाग नकोय, घर हवंय.

डॉमनिककाका लग्नाच्या पंगतीत सदरा वर करून पोटात इन्सुलिन टोचतो आणि शेजाऱ्याला डोस सांगतो. मला तेवढं नको. मला फक्त आपल्या ओटीवर पाणी मागून गोळी घ्यायची आहे.

डॉक्टरांनी मनातलं लिहायला सांगितलं, म्हणून एवढं धाडस. राग आला तर येऊ दे, पण तूही ये.

तुझा,
एरॉल

*

गिरीज
५ सप्टेंबर २०२४

चि. एरॉल यास आईचे आशीर्वाद. येशू तुला सुखात ठेवो, तू मला ठेवत नाहीस.

तुझं पत्र चार दिवस तांदळाच्या डब्यात होतं. उत्तर द्यायचं नव्हतं. मग रविवारी डॉमनिक आला. अल्पेशचा पासपोर्ट घेऊन. म्हणाला, एजंटाला द्यायला टेम्पो विकायला काढलाय, सोमवारी गिऱ्हाईक येतंय. त्या टेम्पोवर त्यांचं घर चालतं. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं की माझा एरॉल कुवेतला नाही, डोक्याच्या आजाराच्या हॉस्पिटलात आहे, आणि हे दुसऱ्यांदा आहे.

त्याने पासपोर्ट खिशात घातला. मग विचारतो, म्हणजे फोर्कलिफ्ट नाहीच? तुझ्या आजाराचं त्याला काही वाटलं नाही, गेलेल्या फोर्कलिफ्टचंच दुःख. चहा न घेता गेला. टेम्पो वाचला. अल्पेशला बेकरीवाल्याने परत घेतलंय, पण पहाटेच्या पाळीला. घरासमोरून जाताना सायकलची घंटी मुद्दाम वाजवतो. वाजवू दे. त्याचा हक्क आहे.

मंगळवारपर्यंत गावभर झालं. खोटं लिहीत नाही, कॅरलने पोरांना क्लासमधून काढलं. परीक्षा आहे म्हणे. परीक्षेला महिना आहे. एक जण दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आली. दुसरी म्हणाली, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं लावलं होतं ना, काय फरक पडला?

गोळ्या मी पुरल्या. चूक माझी. हे एकदाच लिहितेय, पुन्हा वाचावंसं वाटलं तर पत्र जपून ठेव.

गुरुवारी लिलीबरोबर येते. डॉक्टरबाईंना सांग, सावकाश आणि मराठीत सांगा, मी वही आणणार आहे. बसस्टॉपवर कोणी कुठे निघालात विचारलं तर हॉस्पिटलाचं नाव सांगणार आहे. तुझ्यासाठी नाही, मला खोटं लक्षात ठेवायचा कंटाळा आलाय.

आणि घरी आल्यावर वाडीत तोंड लपवून बसायचं नाही. रविवारी चर्चमध्ये दहाच्या मिस्साला माझ्याबरोबर, पहिल्या बाकावर. लोक बघतील. पहिल्या बाकावर बसलं म्हणजे बिचाऱ्यांना मान वळवावी लागत नाही.

माझ्यावर रागव, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
आई