सीलवरची तारीख

३ मार्च

"यंत्र काय म्हणतंय ते आधी ऐकून घे, मग त्याला अक्कल शिकव." मी नऊ वर्षांची असताना बाबा म्हणाले होते. इस्त्री तापत नाही म्हणून मी तिला लाथ मारली होती – आणि बटण बंद होतं.

आज आठवलं, कारण आज कॉम्प्युटरला लाथ मारावीशी वाटली. नवा कार्ड रीडर आणला, बोटाएवढा. लावला. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. दोन वर्षांपूर्वी दादाने बसवलं, "तुला व्हायरसची कटकट नको" म्हणून. तेव्हापासून सगळी कटकट दादाला.

रीडर कशासाठी, ते लिहून ठेवते. पाच वर्षांपूर्वी, बाबांच्या घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दादाने त्यांचं बोलणं कॅमेऱ्यात भरून घेतलं. कॅमेरा सुरू झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी हाक मारली, "चिमटे, ती ट्यूब लाव गं!" मी ट्यूब लावली, बाहेर आले, दादाने दार लोटलं. पुढचं काहीच मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबांना आवाज नाही, पाटी आहे. कॅमेरा मोडला. कार्ड बाबांच्या कपाटात.

त्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. हे फक्त इथेच लिहिते.

जेवताना जाहीर केलं, रीडर चालू झाला की ते कार्ड ऐकायचं. बाबा पाणी प्यायले. बराच वेळ पीत होते.

४ मार्च

दादाचा फोनवरून वर्ग. "सांगतो तेच टाइप कर. मधे स्वतःचं साहित्य घालू नकोस." मी टाइप केलं. काय आलं, विचारलं. मी म्हटलं, पडद्यावर आलंय की दादाला यातलं काही कळत नाही.

मग म्हणाला, पुढची भोकं सोड, मागे लाव. टेबलाखाली शिरले, डोकं आपटलं, मागे लावला – आणि यादीत रीडर हजर! दादा असा खूश, जणू त्यानेच तो जन्माला घातला.

बाबांना सांगितलं. पाटीवर "शाब्बास". अक्षर जरा वाकडं.

६ मार्च

कार्ड बाबांनी स्वतः आणून दिलं. नखाएवढं कार्ड, ते एका चपट्या कवचात बसवलेलं, आणि कवचाच्या तोंडावर अर्थातच सील. वीजमीटर तपासण्यात आयुष्य गेलं त्यांचं. तपासून झालं की चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, सही. घरातही तेच – औषधांचा डबा, शिवणाचं मशीन, एकदा तर माझी कपाटातली चॉकलेटं. बाबांचं सील फोडायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. आई होती तेव्हा तीही पाळायची.

पितळी टोकं उघडीच होती, त्यामुळे सील न फोडता कवच रीडरमध्ये घातलं. पडद्यावर ओळ आली : नो मीडियम फाउंड. म्हणजे आत काही नाही. मी म्हटलं, अरे मूर्खा, आत्ता तर घातलं!

७ मार्च

दादाने सतरा आज्ञा दिल्या. कॉम्प्युटरचं सतरा वेळा एकच उत्तर. माझ्या नणंदेनंतर इतकं ठाम कुणी भेटलं नव्हतं.

८ मार्च

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून त्याचं एक कार्ड मागून आणलं. घातलं मात्र – पासपोर्ट आकाराची सदतीस माणसं रांगेने माझ्याकडे बघायला लागली. एकही हसत नव्हतं.

म्हणजे रीडर ठीक, लिनक्स ठीक. दादा हळू आवाजात म्हणाला, "कार्ड गेलं गं." मग आम्ही दोघंही हवापाण्यावर बोललो.

फोटोवाल्याचं कार्ड परत देऊन येताना उगीच लांबून आले. बाबांना सांगायला धीर होत नव्हता. सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "जाऊ दे." आणि लगेच तीन बिस्किटं खाल्ली. एरवी एक खातात, तेही सांगावं लागतं.

माझं इथे काळीज तुटतंय आणि या माणसाला भूक लागलीये?

९ मार्च

सकाळी कार्ड परत बाबांच्या कपाटात ठेवून द्यायला घेतलं. बाबांचं अक्षर म्हणून सील जरा न्याहाळलं. आणि वाचलं.

तारीख : ४ मार्च. यंदाची.

आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं सील फोडलं. आत कार्ड नाही. नुसतं कवच. कॉम्प्युटर तीन दिवस खरं सांगत होता, आणि मी त्याला मूर्ख म्हणत होते.

फोडलेली पट्टी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली, चमच्यासारखी. ते तिच्याकडे बघत पूर्ण जेवले. मग पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं : "कार्ड माझ्याकडे आहे. त्यात मी फार घाबरलोय. तुम्ही ते ऐकायचं नाही."

दादाला फोन केला नाही. त्याला कार्ड गेलेलंच राहू दे.

१० मार्च

बाबांच्या खोलीचं दार बंद आहे. नाहीच म्हणणार, त्यांचा नकारही सीलबंद असतो. तरी दार वाजवून दाराखालून त्यांची पाटी मागून घेतली आणि लिहून तशीच आत सरकवली : "बाबा, घाबरलेलं सगळं तुमच्याकडेच ठेवा. मला फक्त पहिली हाक ऐकवा, ट्यूब लाव म्हणालात ती. तिथे थांबवा, माझ्यासमोर पुन्हा सील करा. तारीख मी घालते."