पाडव्यापर्यंत सूट

५ नोव्हेंबर १९५५, शनिवार

ढवळ्या सकाळी गेला. पाठीवर कातडं उरलंच नव्हतं.

काल भर दुपारी उल्हासनगरच्या वाटेवर हिंदुरावाच्या माणसांनी आमची बैलगाडी अडवली. गवताचे भारे पेटवून दिले— बैल जुंपलेले असताना! पवळ्या दोर तोडून पळाला. ढवळ्याला जमलं नाही. हिरामणदादा आगीत हात घालून जू सोडवत होता आणि ते चौघे हसत उभे. हिंदुराव लॉरीच्या पायरीवर बसून पान खात होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं ना रे?"

सांगितलं होतंच. त्याच्या तीन लॉऱ्या. बदलापुरातलं गवत, भाजी, विटा, काहीही उल्हासनगरच्या कॅम्पात न्यायचं तर त्याच्याच लॉरीतून, तो म्हणेल त्या भाड्यानं. दादानं आपली बैलगाडी काढली, म्हणून हे.

ढवळ्याला नदीकडच्या तुकड्यात पुरला. खड्डा दादानंच खणला. मग कुदळ टाकून म्हणाला, "सदू, आता बैल नको. मोटार घेव. नवी कोरी. मंग पेटव म्हनावं."

६ नोव्हेंबर

अंबरनाथला कारखान्यात शेत गेलं, त्याचे पैसे आहेत. विठावहिनी म्हणाली, "भावजी, त्या पैशाला हात लावायचा तर एकदाच, आणि नीट चौकशी करून." मी लढाईच्या वेळी मिलिटरी कॅम्पात चार वर्षं लॉऱ्या चालवल्या, लायसन्स आहे. चौकशी माझ्याकडे. दिवाळी आठवड्यावर आलीय, सगळे दुकानदार सूट लावतात म्हणे.

७ नोव्हेंबर

गिरगावात शोरूम. काचेआड हिरवी पिकअप— छोटी, पण पाठ रुंद. टाय लावलेल्या माणसानं आधी माझ्या वहाणांकडे बघून घेतलं, मग बोलला. सगळी रोख मोजली तर शेकडा पाच सूट. पाडव्यापर्यंतच. हूड वेगळं, स्टेपनी वेगळी, टॅक्स आपला. सूट एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो! गाडी मिळणार मात्र महिन्यानं.

तो बोलत होता आणि मी बंपरकडे बघत होतो. हा बंपर हिंदुरावाच्या गुडघ्याला बरोबर कुठे लागेल, तेच डोक्यात.

८ नोव्हेंबर

ठाण्याचा एजंट. सूट नाही म्हणजे नाही. पण स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी फुकट, तीन सर्व्हिसिंग फुकट, आणि निम्मे पैसे हप्त्यानं. चहा पाजला. हूडचे पैसे पडतील. गाडी पंधरा दिवसांनी.

पंधरा दिवस! गवत शेतात कापून पडलंय.

९ नोव्हेंबर

सुकऱ्याचा कान फाडला.

सुकऱ्या बारवीकडच्या पाड्यावरचा, दर साली आमचं गवत कापायला येतो. हिंदुरावाला कुठून तरी कळलं की आम्ही गाडी बघतोय. कुठली, कधी येणार, ते सांग म्हणून त्याला बाजारात धरला. पकडीनं कान ओढला. अर्धा खाली लोंबतोय. दारात उभा राहिला तेव्हा त्यावर पाला दाबून धरलेला, छातीपर्यंत रक्त.

"मी काय नाय सांगला, शेट."

मला शेट म्हणू नको म्हणून त्याच्यावरच ओरडलो. वहिनीनं हळद लावली. जाताना त्यानं कोयता उचलून धार अंगठ्यानं बघितली, आणि हे मी बघितलं.

१० नोव्हेंबर

कॅम्प नंबर तीन. लेखराज म्हणून सिंधी एजंट आहे, बराकीतच ऑफिस. तीच हिरवी पिकअप, मुंबईच्याच कंपनीकडून आणून देतो. बोलणं असं:

"साईं, वो बंबईवाला पाँच टका देता है? मैं चार देगा. लेकिन हूड मेरा, स्टेपनी मेरी, पयला टॅक्स मेरा. परमिटका कागज मेरा आदमी करेगा. और गाडी पाडवेके दिन तुमारे हाथमें."

एवढं कसं परवडतं, विचारलं. म्हणाला, त्याला बदलापूरचं गवत आणि भाजी हिंदुरावाशिवाय हवीय. तबेलेवाले, भाजीवाले सगळे त्याचे भाऊबंद, सगळे त्या भाड्याला कंटाळलेत.

म्हटलं, हिंदुराव तुमची बराक पेटवील.

त्यानं सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी वितळून गोठल्यासारखी. "उधर सिंधमें, सक्करमें पूरी दुकान जली. मैं अंदर था. जितना डरना था, उधर डर लिया."

मला आमचा बैल आठवला. सांगितलं नाही त्याला.

११ नोव्हेंबर

हिंदुराव स्वतः आला. दिवसाढवळ्या, तीन माणसं घेऊन. ओट्यावर बसला. वहिनीकडे पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, "हिरामण, गाडी घेतोस? घे की! माझ्या ओळखीच्या दुकानातून घे. हजार रुपये सूट मिळवून देतो, मला काय द्यायचं नाही. फक्त गाडीवर नाव माझं. निम्मं भाडं तुझं."

सगळ्यांत मोठी सूट यानंच दिली!

दादा त्याच्या पायाशी थुंकला.

पुढचं फार झटपट झालं. दोघांनी दादाचा उजवा हात ओट्याच्या दगडावर दाबून धरला. हिंदुरावानं लॉरी चालू करायचं लोखंडी हँडल मागवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दादा ओरडलाच नाही, शुद्ध गेली होती. हाड फुटतं तेव्हा सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज येतो हे खरं नाही. ओला आवाज येतो.

माझ्या गळ्याला तिसऱ्याची सुरी होती. मी हललो नाही. सुरी होती, पण धरणारा पोरगेलासा होता. हललो असतो तर— पण मी हललो नाही.

१२ नोव्हेंबर

दवाखान्यात दादाची तीन बोटं काढली. फौजदारानं लिहून घेतलं. लिहून घेतलं, बस.

१३ नोव्हेंबर, रविवार

दादाच्या खाटेशी बसून तिन्ही भाव वाचून दाखवले. मुंबईवाला पाच टक्के सोडतो, पण हूड आणि स्टेपनी घातली की सूट गेलीच. ठाणेवाल्याचे हप्ते सोपे, पण हप्ता चुकला की गाडी उचलून नेणार, आणि आमची पहिली खेप तरी धड पोचेल की नाही कोणाला ठाऊक! लेखराजचं गणित सगळ्यांत बरं. त्यात हूड जाड कॅनव्हासचं, मागून पडदा, तिन्ही बाजू बंद. भाजी सुकायची नाही.

दादा तापानं फणफणलेला. डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "जो पाडव्याला देल, त्याची घे. मना तो हिंदुराव पाडव्याला रस्त्यावर गाडी बघताना दिसला पायजे."

वहिनी म्हणाली, "नको आता गाडी. दोन्ही हात घालवायचेत का?" दादानं शाबूत हातानं भांडं भिरकावलं. वहिनीला लागलं, कपाळावर. या घरात असं कधी झालं नव्हतं.

मग तोच रडला.

१५ नोव्हेंबर, पाडवा

आणली! लेखराजनं सांगितलं त्याहून एक गोष्ट जास्त दिली— चावीला चांदीची साखळी. कॅम्पातून अंबरनाथ, अंबरनाथहून बदलापूर गाव, हॉर्न वाजवत. वहिनीनं कपाळाला पट्टी असताना ओवाळली. दादानं डाव्या हातानं बॉनेटवर कुंकू लावलं, वाकडं. हिंदुराव चावडीपाशी उभा होता. दादानं त्याच्या समोरून दोनदा गाडी फिरवायला लावली.

नव्या रंगाचा वास अजून हाताला आहे.

१७ नोव्हेंबर

पहिली खेप. गवत भरलं, मी एकटाच. विठ्ठलवाडीच्या अलीकडे लॉरी आडवी. दोघे उतरले. एकानं डाव्या बाजूचा दिवा फोडला. दोन दिवसांची गाडी!

मी खाली उतरलो हँडल घेऊनच. पहिला फटका तोंडावर. दात फुटले ते मला हँडलमधून हाताला कळले. दुसरा पळाला. पहिला चिखलात बसून दात शोधायला लागला आणि मी त्याच्या पाठीत आणखी दोनदा घातलं. गरज नव्हती.

बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? जेवण झाल्यासारखं पोट भरून बरं वाटलं.

गवत पोचवलं. लेखराज दिवा बघून म्हणाला, "ये गॅरंटीमें नहीं आता," आणि हसला. पण नवा दिवा दुपारपर्यंत बसवून दिला, पैसे न घेता.

२० नोव्हेंबर, रविवार

सुकऱ्यानं हिंदुरावाला तोडला.

सकाळी दहाच्या सुमारास. हिंदुराव नदीवरून येत होता, एकटाच. सुकऱ्या बांधाआड बसलेला. एकच घाव, मांडीत, वरच्या बाजूला. मग कोयता तिथेच टाकला आणि स्वतःच्या पायांनी चौकीवर जाऊन बसला.

हिंदुरावाच्या तिन्ही लॉऱ्या मुंबईला गेलेल्या. त्याची बायको कौसाबाई धावत आली, कुठे? आमच्या दारात! लुगडं गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजलेलं. "सदूभाऊ, तुमचीच गाडी हाय. मी पाया पडते. कल्याणला न्या."

दादा खाटेवरून माझ्याकडे बघत होता. वहिनी बोलली— "जा, भावजी. माणूस आहे."

गेलो. गवताच्या पेंढ्यांवर त्याला घातलं. मांडीला वर धोतर आवळून बांधलं होतं, तरी पाझरत होतं. कौसाबाई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मागचा पडदा ओढून घेतला. मी एकटा पुढे. मागून त्याचा आवाज येत होता. पाणी मागत होता. एकदा माझं नाव घेतलं, "सदू, जरा लवकर रे."

अंबरनाथला फाटक बंद. मालगाडी यायची होती. वीस मिनिटं गेली. कौसाबाई पडद्याआडून ओरडत होती, "काय झालं? काय झालं, भाऊ?" म्हटलं, "फाटक आहे बाई, काय करू?"

विठ्ठलवाडी ओलांडली तेव्हा मागचा आवाज थांबला. मग तिचा सुरू झाला.

दुपारभर गाडी धूत होतो. फळ्यांच्या फटीतलं निघत नाही.

२१ नोव्हेंबर

फौजदार आला, जबाब घेतला. कल्याणचे डॉक्टर म्हणाले म्हणे, पाव तास आधी आणला असता तर रक्त थांबवता आलं असतं. पाय गेला असता, माणूस राहिला असता. फौजदार वही मिटत म्हणाला, "वाचला असता तर तुमचा तो कातकरी पाच-सात वर्षांत सुटला असता. आता खून. आता फाशीसुद्धा होईल."

सुकऱ्याची बायको राही आमच्या अंगणात बसून आहे. जेवत नाही. सोबत दोन पोरं. वहिनीनं त्यांना भाकरी दिली, त्यांनी खाल्ली.

कौसाबाईनं निरोप पाठवलाय. "सदूभाऊंचे उपकार मरेपर्यंत विसरायची नाही."

दादाला आज पहिल्यांदा झोप लागली.

२४ नोव्हेंबर

भाजी घेऊन कॅम्पात गेलो. अंबरनाथच्या फाटकवाल्यानं हात करून थांबवलं. बिडी मागितली. पेटवून म्हणाला, "त्या रविवारी काय झालं होतं रे? मालगाडी नाय, काय नाय, फाटक सताड उघडं. आन् तू आपला समोर गाडी बंद करून बसलेला."

म्हटलं, इंजिन तापलं होतं.