उजवी मांड

जयेंद्रगंज, लष्कर-ग्वाल्हेर
९ फेब्रुवारी १९३७

प्रिय महिपत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच चुलीत टाकलं नाहीस, एवढ्यावरच आज माझी धन्यता आहे. सोळा महिने झाले. तू धारला आहेस, तिथल्या एका जहागीरदाराच्या मुलांना रपेट शिकवतोस, हे मला मंदाताईकडून कळलं. तुझा पत्ता मागायला मी नया बाजारात तिच्या दारी गेलो होतो. लहानपणापासून दर भाऊबिजेला तुझ्या शेजारी पाट मांडून मला ओवाळणारी तुझी बहीण, पण त्या दिवशी तिनं मला आत ये म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं करून जे काय सुनावायचं ते सुनावलं. 'नाचता येईना अंगण वाकडं, असं आहे तुझं, दादा,' म्हणाली. मी चौकटीला धरून ऐकत होतो. बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, मग पायाकडे. 'हाय राम, उभा काय आहेस, गिरशील नं!' म्हणाली आणि आतून पाट आणून उंबऱ्यातच टाकला. दक्षिणेतली माणसं पडतात, आपण ग्वाल्हेरवाले गिरतो, यावर आपण दोघे किती हसायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. जुन्या पंचांगाच्या पानावर पत्ता लिहून तिनं ते पान फाडून दिलं आणि मी तांग्यात चढेपर्यंत दारात उभी राहिली.

तर पहिली बातमी हीच, की मी गिरतो. उजवा पाय माझा राहिलेला नाही. आहे, दिसतो, बूट घातला की मुकाट बुटात जातो. पण टेकला की खाली फरशी आहे की पिंजलेला कापूस, हे त्याला कळत नाही. बुटाचे बंद बांधायला मान वाकवली की मानेपासून पार कमरेपर्यंत विजेचा झटका उतरतो. कढत पाण्यानं आंघोळ केली तर पाय लुळाच पडतो, म्हणून या पौषाच्या थंडीत मी गार पाणी अंगावर घेतो आणि शेजारी समजतात मी कसलं तरी व्रत धरलंय. रिसाल्यात मी गुडघा मुरगळलाय असं सांगून ठेवलं होतं. पण एक गुडघा माणूस किती महिने मुरगळवत ठेवणार? एक मार्चला मला तीन डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहायचं आहे. त्यांनी नालायक ठरवलं की खोगीर उतरलं, ते कायमचं. पणजोबा दक्षिणेतून इकडे आले तेव्हापासून आमच्या घरात घोड्यावर बसण्याखेरीज दुसरं काही कुणी केलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि खरं सांगू? नोकरी जाण्याची भीती मी एक वेळ गिळीन. मला झालंय काय, हे अजून कुणालाच सांगता येत नाही, त्यानं मी खचलो आहे.

माझा दिवस कसा जातो ते ऐक. उठल्याबरोबर पहिलं काम सुईचं. तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या डबीतली सुई घ्यायची आणि अंगठ्यापासून वर टोचत जायचं. काल घोट्याच्या वर कळायला लागलं होतं, आज चार बोटं वर सरकलं का? मग डोळे मिटून उभं राहायचं. मग गल्लीत कुणी नसेल तेव्हा फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायचं. जमलं तर वाटतं आपण मुद्दाम जोर लावून जमवलं, म्हणून पुन्हा चालायचं. नाही जमलं तर वाटतं घाई झाली, म्हणून पुन्हा. न्हाव्याला दर खेपेला विचारतो, माझं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं का. तो बिचारा आता माझ्या गालाला वस्तरा लावायला भितो. सराफ्यातून जाताना मी लोकांचे चेहरे बघत नाही, पाय बघतो. कोण पाय ओढतो, कोण काठी टेकतो, कोणाची चप्पल एकाच बाजूनं झिजली आहे. अर्धं लष्कर शहर लंगडं आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

औषधांचं विचारू नकोस. वैद्यांनी वात म्हटलं, महिनाभर तेल चोळलं, ते सगळं गादी प्यायली. वहिनीनं मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या तरी खाट आला नाही, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं! चला, कारण तरी सापडलं. तिचा चेहरा बघून मलाही अर्धा दिवस बरं वाटलं होतं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस आहे. छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले, वाजणारा चिमटा घोट्यावर टेकवून विचारलं काही जाणवतं का, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, 'सूर्याजीराव, बुरा मत मानिए, जवानी में कहीं इधर-उधर गए थे?' शिपाईगड्याचा पाय असा गेला की हाच प्रश्न आधी विचारतात म्हणे. मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि रक्त काढून मुंबईला पाठवलं. पडद्यापलीकडे तुझी वहिनी बसली होती.  त्या दिवसापासून तिनं माझा बिछाना बाहेरच्या खोलीत घातला. एकवीस दिवसांनी उत्तर आलं, रक्त साफ आहे. तिनं बिछाना आत आणला आणि उशीचा अभ्रा धुऊन घातला. महिपत, तुझ्यामाझ्या आयुष्यात आपण वाळवंटात छावण्या केल्या, तापात पडलो, पण त्या एकवीस दिवसांइतका एकटा मी कधी नव्हतो. आणि गंमत बघ, रक्त साफ आल्याचा आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. ते नाही, तर मग काय?

त्यावर आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना माझं सगळं लिहून कळवलं. मज्जातंतूंच्या दुखण्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. त्यात रोगाचं नाव नव्हतं, प्रश्न होते. त्याबद्दल शेवटी लिहितो. तोवर असं आहे, की मधूनच चांगले दिवस येतात. संक्रांतीच्या सुमाराला पाच दिवस पाय असा होता की जणू काही झालंच नव्हतं. मी जिने चढलो, हलवा वाटायला सगळ्या आळीभर हिंडलो. रिसाल्यातले लोक म्हणाले, बघा, सोंग उतरलं. सहाव्या दिवशी मोरीशी पडलो. वाईट दिवसांची सवय होते रे, चांगले दिवस जास्त छळतात. दार उघडं दिसतं, पाऊल टाकतो, आणि ते पुन्हा तोंडावर बंद होतं.

आता साळुंकीचं सांगतो. 

डिसेंबरात मी बाड्याच्या चौकातून घरी येत होतो. चालवेना म्हणून तांगा केला. आत बसल्यावर बघतो, तर पुढे जुंपलेली कुमैत घोडी, कपाळावर वाकडा टिळा, डाव्या कानाची कड फाटलेली. आपली साळुंकी. मानेवर जुवाचे वळ पडले होते. मी उतरून पुढे गेलो, तिनं माझा हात हुंगला आणि तोंड फिरवून घेतलं. बरोबरच आहे. तांगेवाल्याला काय ठाऊक, तो कौतुकानं सांगू लागला, 'बड़ी सीधी घोड़ी है, साहब। लगाम को हाथ न लगाओ, तो भी नाक की सीध में चलेगी।' आणि चाललीही तशीच. जयेंद्रगंजापर्यंत एका बोटाएवढी इकडेतिकडे झाली नाही. मी मागे बसून रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. त्यानंतर मी दर मंगळवारी त्याच तांग्यानं जातो. गूळ नेतो. आता ती तोंड फिरवत नाही, पण गूळ खाऊन झाला की लगेच पुढे बघते.

त्या दसऱ्याचं मी कुणाजवळ बोललेलो नाही. तू दोन वर्षं घडवलेली घोडी, नुसत्या मांडीच्या इशाऱ्यावर चालणारी, आणि स्वारीत भर रांगेतून ती उजवीकडे सरकत गेली. मी लगाम खेचला, ती आणखी सरकली, निशाणाच्या घोड्याला धडकली, आणि निशाण खाली आलं. धुळीला लागलं. सगळ्या गावानं बघितलं. संध्याकाळी पागेत तू साळुंकीच्या पायांवरून हात फिरवत बसला होतास. माझ्याकडे न बघताच म्हणालास, 'घोडी खरी आहे, सूर्या. तुझी डावी मांड तिला ढकलते आणि उजवी काहीच सांगत नाही. तुझ्या पायाला काहीतरी झालंय. आणि हे आजचं नाही.' चार मोतद्दार खरारे घेऊन उभे होते. मी त्यांच्यादेखत तुला सुनावलं, की चाबुकस्वारानं घोड्यांचे पाय बघावेत, रिसालदाराचे बघू नयेत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून हकिकत मागवली. मी लिहून दिलं की घोडी मुळात खोटी आहे आणि ती घडवण्यात कसूर झाली आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घोडी रिसाल्यातून काढली, आणि तुला काढलं.  जाताना तिच्या ठाणातलं गवत मात्र बदलून गेलास.

आणि हे चुकून झालं असं म्हणून मला सुटताही येत नाही. त्याच वर्षी होळीनंतर तीन आठवडे माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं. मी गुलाल गेला म्हटलं. मे महिन्यात तीनदा माझा बूट रिकिबीतून निसटला आणि मला कळलंही नाही. मी रिकीब नवी घेतली. तू पागेत बोललास तेव्हा तू काय म्हणतोस ते मला पुरतं कळलं होतं. मला राग नव्हता आला, महिपत, मला भीती वाटली होती. तुझं खरं मानलं असतं तर तिथल्या तिथे मी आजारी ठरलो असतो. तेवढं टाळायला मी तुझं नाव घालवलं, आणि टळलं तर काहीच नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. मुंबईच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा आहे: हे केव्हा सुरू झालं? एका दिवसात आलं की हळूहळू चढलं? मधे कधी आपोआप उतरलं होतं का? याच्या उत्तरावर सगळं निदान अडलं आहे, असं त्यांनी लिहिलंय. मला उत्तर देता येत नाही. ते सगळे महिने मी आपल्या पायाकडे न बघण्यात घालवले. घरात कुणी बघितलं नाही. बघत होतास तो तू. रोज सकाळी रिंगणाच्या मधोमध उभा राहून दोन वर्षं तू माझी मांड बघितलीस. 'हे आजचं नाही' म्हणालास, तर मग कधीपासूनचं, ते जगात एकट्या तुला माहीत आहे. हा सौदा आहे असं तुला वाटू नये म्हणून हे पत्र लिहायच्या आधीच, आज सकाळी, मी कचेरीत नवी हकिकत देऊन आलो: घोडी खरी होती, शिकवण खरी होती, दोष माझ्या उजव्या पायाचा होता, तो मला ठाऊक होता आणि मी लपवला. नक्कल सोबत आहे. तिचा उपयोग तुला होईल की नाही ते माझ्या हाती नाही. मंडळापुढे माझं काय होईल ते मात्र आता उघड आहे. तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस, मी बोल लावणार नाही. पण लिहिलंस तर माझी भीड ठेवू नकोस आणि धीर देऊ नकोस, धीर देणारे इथे पुष्कळ आहेत. पागेत नवा घोडा आला की तू त्याचे चारी पाय चाचपायचास आणि धन्याच्या तोंडाकडे न बघता सांगून टाकायचास, हा चालेल, किंवा हा चालायचा नाही. तसं सांग.

तुझाच,
सूर्याजी