एक्कावन्न दातांचा आशीर्वाद

रामघाट, काशी
पौष वद्य पंचमी (आपल्या पंचांगाने, इथल्या बाजारात माघ लागलासुद्धा)

तीर्थस्वरूप प्रमोदिनीताईस,

धाकट्या वेणीमाधवाचा गंगेकाठून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा तू दिवसातून चारदा गच्चीवर जात असशील याबद्दल मला शंका नाही. इथे सर्व खुशाल. इरावती बरी आहे, पाठशाळेतली मुलं बरी आहेत, ऋताचं मनगटही आता पूर्ण बरं आहे. (मनगटाला काय झालं होतं ते पुढे येईल. घाबरू नकोस. घाबरण्याचं काम मी व्यवस्थित उरकलेलं आहे, दोघांनी तेच करण्यात अर्थ नाही.)

तुझ्या केयूरने नोकरीपायी शर्यती सोडल्या आणि आपली मोटरसायकल मामेबहिणीला, आमच्या ऋताला, देऊन टाकली, हे त्याच्या मोठ्या मनाला शोभण्यासारखंच झालं. फक्त ती कुठे राहणार, याचा विचार त्या मोठ्या मनात आला नाही. ‘गाडी’ म्हटलं की मला हेडलाइट, हॉर्न आणि मागे बसून ‘हळू चालव’ म्हणायला एक जागा, एवढं तरी डोळ्यांपुढे येतं. हिच्यात यातलं काही नाही. उभं करायला स्टँडसुद्धा नाही. म्हणजे बनवणाऱ्याने ही कधी थांबेल असं धरलेलंच नाही. (मी केयूरला फोनवर तसं म्हणालो, तर तो म्हणाला, ‘मामा, तुला बरोब्बर कळलंय.’)

ती आली ऐन भाद्रपदात, रेल्वेच्या पार्सलने, चाकं आणि हँडल काढून, पांढऱ्या कापडात घट्ट शिवलेली. गंगा तुडुंब, पलीकडची रेती पाण्याखाली, तेव्हा ती घरीच आणणं भाग होतं. चाकांवाचून ती ढकलता येईना, म्हणून पाठशाळेतल्या चार थोरल्या विद्यार्थ्यांनी ती दोन बांबूंना बांधली आणि खांद्यावर घेतली. मी सोवळ्याचं उपरणं सावरत पुढे. आता आमच्या गल्ल्या कुठे जातात हे तुला सांगायला नको. चौकापासून लोक आपोआप बाजूला होऊ लागले. गाई हलल्या नाहीत, पण माणसांनी हात जोडले. एका पानवाल्याने हळूच विचारलं, कुठून आणलं? मी आपलं खरं ते सांगितलं, भांजे की है, पूना से आई है. त्याचे डोळे भरून आले. ‘बड़ी भागवाली रहीं गुरुजी, एतनी दूर से काशी आ गईं.’ पुढचं स्पष्टीकरण देण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मीही हात जोडले.

दिवाळीनंतर पाणी उतरलं, पलीकडे रेती उघडी पडली, आणि गाडी जोडून नावेने पार गेली. तिथे एका नावाड्याच्या झोपडीत ती राहते. ऋता पहाटे नावेने जाते, तासभर चालवते आणि विद्यापीठात आपल्या संशोधनाला वेळेवर पोचते. फाल्गुनात तुमच्या पुण्याजवळ शर्यत आहे, तीत तिला उतरायचं आहे. मी हे सारं दुरून पाहत होतो. (नाव लहान असल्यामुळे शेजारी बसून दुरून पाहत होतो.)

आता मुद्द्यावर येतो. मागच्या चाकाला एक दातेरी चक्र असतं, त्यावरून साखळी फिरते. ऋता त्याला स्प्रॉकेट म्हणते, मैदागिनीचा विष्णु मिस्त्री गरारी म्हणतो. केयूरच्या वेळचं चक्र अठ्ठेचाळीस दातांचं होतं आणि ते दात झिजून मांजराच्या नखांसारखे वाकले होते. केयूरचा सल्ला पडला की नवं सत्तेचाळीसचं घ्या, या ताकदीच्या गाडीला ते मानवेल. ऋताला ते पटलं. त्या दिवशी तिचं सेमिनार होतं, म्हणून जाताना ती म्हणाली, ‘बाबा, पुण्याच्या दुकानात फोन करून देता का? फक्त सत्तेचाळीस सांगायचं.’

ताई, मला दातांतलं काय कळतं? पण मी कर्तव्य म्हणून विष्णुला विचारायला गेलो. तो म्हणाला, ‘गुरुजी, पीछे दाँत बढ़ाइएगा तो टॉप स्पीड घट जाएगा. लेकिन...’ त्याचं ‘लेकिन’ चालू असतानाच मी निघालो, कारण मला हवं ते मिळालं होतं. एवढा सोपा उपाय असताना लोक मुलींना उपदेश का करत बसतात, असं मनाशी म्हणत मी घरी आलो आणि फोन उचलला. पण किती वाढवायचे? तिथे मग आपलं कूळ बोललं. या शहरात दक्षिणा, देणगी, आहेर, कशातही सत्तेचाळीस हा आकडा कुणी ऐकलाय का? अकरा असतात, एकवीस असतात, एक्कावन्न असतात. पुण्याचा दुकानदार तीनतीनदा विचारत राहिला की नक्की एक्कावन्नच का. मी म्हटलं, शुभ असतं. त्याने आकडा लिहून घेतला. धंद्यातला माणूस शुभाशी वाद घालत नाही.

चक्र आलं. पाहून ऋताच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, बेटा, तुझ्या बापाचा आशीर्वाद समज. आशीर्वाद परत पाठवता येत नाही, एवढे संस्कार तिच्यावर झालेले आहेत. साखळी अपुरी पडली, तिला कड्या जोडाव्या लागल्या. (हा त्या दुकानदाराचा गलथानपणा, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. काहींना अजून तसंच वाटतं.) आणि एका धुकट सकाळी आम्ही पलीकडे गेलो.

या टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव तुला ठाऊक असेल, आणि नसला तरी आपल्या बाबांचा राग आठव. आधी काही नाही, मग काही नाही, मग एकदम सगळं. तर आता त्या ‘एकदम सगळं’ला माझ्या शुभ दातांचा जोर मिळाला. वेग कमी झाला होता, विष्णु खोटं बोलला नव्हता. पण चाकावरचा हिसका वाढला होता, आणि त्याच्या ‘लेकिन’मध्ये नेमकं हेच होतं. ऋताने मूठ पिळली, पुढचं चाक उचललं गेलं, ते वरच जात राहिलं, ऋता मागे रेतीत पडली आणि गाडी एकटीच थोडी पुढे जाऊन एका उंटाच्या पायाशी आडवी झाली. (प्रवाशांना फिरवणारे उंट असतात इथे. तो नुसता रवंथ करत राहिला. त्याच्या घरचं कुणी पडलं नव्हतं.)

मी धोतर सावरत धावलो. एक चप्पल रेतीत राहिली. घाबरलो, ताई, फार घाबरलो. ती पडलेली होती आणि हेल्मेटमधून आवाज येत होता, तो रडण्याचा आहे की हसण्याचा हे मला जवळ जाईपर्यंत कळेना. हसत होती. मनगट मात्र सुजलं होतं. मी तिच्याजवळ बसलो तेव्हा तिने विचारलं, ‘बाबा, स्पीड कमी व्हावी म्हणूनच ना एक्कावन्न?’ मी म्हटलं, शुभ असतं. ती म्हणाली, ‘हो, ते दिसलंच.’ रागावली असती तर बरं झालं असतं.

मनगट बरं झाल्यावर तिने त्याच चक्रावर जपून चालवायला सुरुवात केली, कारण मी दुसरं घ्यायचं नाव काढत नव्हतो. सत्तेचाळीसने वेग वाढणार, हे मला आता पक्कं माहीत होतं. ती तासभर फिरायची आणि मी रेतीवर पंचा टाकून बसायचो. डोळे मिटले तरी ती कुठे आहे ते ऐकू यायचं. इंजिन क्षणभर ओरडतं न ओरडतं तोच गियर बदल, पुन्हा ओरडतं तोच पुन्हा बदल. मला त्या आवाजाची सारखी चीड यायची, आणि चीड का येते ते बरेच दिवस उमगेना. मग एकदा पाठशाळेत वेदाची संथा देताना लक्षात आलं. भक्कम छातीच्या पोराला दोनदोन अक्षरांवर थांबवलं, की तो प्रत्येक वेळी नव्याने जोर लावतो, हिसके देतो आणि स्वर फाटतो. त्यालाच पूर्ण ओळ एका श्वासात म्हणू दिली, की तोच पोरगा शांत होतो. आवाज पुढे लांब जातो, पण फाटत नाही. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत करत आलो आणि माझ्या मुलीला मी दोन अक्षरांवर थांबवून ठेवली होती.

विष्णुकडे पुन्हा गेलो आणि या खेपेला ‘लेकिन’च्या पलीकडचं सगळं ऐकून आलो. मग रात्री जेवताना ऋताला म्हटलं, सत्तेचाळीसचं मागवू या.

तिने घास थांबवला. ‘बाबा, टॉप वाढेल हं. पता आहे ना?’

मी म्हटलं, पता आहे.

इरावतीने माझ्या पानात न विचारता पुरणपोळी वाढली. (ती आदल्या दिवशीची होती, पण भावना ताजी होती.) तेव्हा ताई, ज्या बापाने मुलगी सावकाश जावी म्हणून एवढा खटाटोप केला, तोच आता ती जास्त जोरात जाऊ शकेल असं चक्र मागवतो आहे, कारण त्यावर ती पडण्याची भीती कमी आहे. यात तर्क कुठे आहे, हे मी शोधत बसलेलो नाही. मला एवढं कळलं की तिला थांबवण्यासाठी मी जे जोडलं होतं, त्यानेच ती पडली.

शर्यतीला मात्र मी येणार नाही, हे निश्चित समज. धूळ मला सोसत नाही, पाठशाळा सोडता येत नाही, आणि ऋताबरोबर इरावती येईलच. केयूरला अनेक आशीर्वाद. (यांत दात नाहीत, असं त्याला सांग.) गुडघ्याला जप.

तुझा,
वेणीमाधव

ता. क. केयूरला सांगून सत्तेचाळीस दातांचं चक्र लवकर पाठव. साखळीच्या मी वाढवलेल्या कड्या पुन्हा काढायच्या का, तेही विचार. एक्कावन्नचं लगेच उतरवून ठेवलं आहे, आणि इरावती त्याची अडणी करून त्यावर दुधाचं पातेलं ठेवते. इतकी स्थिर अडणी या घरात यापूर्वी नव्हती, असं तिचं म्हणणं आहे. म्हणजे आशीर्वाद अगदीच वाया गेला असं नाही.

ता. क. (दुसरा) तिकिटं काढली आहेत. तीन. खालची खोली झाडून ठेव.

ता. क. (शेवटचा) ताई, केयूरच्या शर्यतींना तू कडेला उभी राहायचीस. गाडी टेकाडाआड गेली, की पुन्हा दिसेपर्यंत तू काय करायचीस? खरं सांगायचं तर एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. मी रेतीवर रोज काहीतरी म्हणायला लागायचो. जन्मभर पाठ असलेलं, झोपेतसुद्धा न चुकणारं. आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली की मधेच विसरायचो.